न्यायाधीशाच्या कामाचे मोजमाप

लढवल्या गेलेल्या प्रत्येक दाव्यात एक पक्ष हरतो आणि हरलेल्या पक्षाला न्यायाधीशाचे काम समाधानकारक वाटण्याची शक्यता कमीच असते. म्हणून ज्याच्यासाठी काम केले जाते त्याचे समाधान, हा डॉक्टर किंवा शिक्षक यांच्या बाबतीत निदान विचारात तरी घेता येणारा निकष न्यायाधीशाला सरळ लावता येत नाही. वरिष्ठांचे समाधान हा दुसरा प्रचलित निकष. परंतु निकाल देताना कोणत्याही वरिष्ठाची मर्जी पाहू नये, ही तर या पदाची पहिलीच अट आहे. असे असले तरी, सार्वजनिक तिजोरीतून वेतन घेणाऱ्या आणि माणसाचे स्वातंत्र्य, मालमत्ता, मुलांचा ताबा यांविषयी अंतिम शब्द उच्चारणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामाची कोणी झडतीच घेऊ नये, असे म्हणणेही लोकशाहीला परवडणारे नाही. न्यायाधीशाच्या कामाचे मोजमाप तर व्हावे, पण त्या मोजमापाची सावली त्याच्या निकालावर पडू नये, हा या विषयाचा खरा पेच आहे. भारतातील जिल्हा न्यायव्यवस्थेने तो कसा हाताळला, कोठे साधला आणि कोठे तो तिच्या हातून निसटला, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

नियंत्रण कोणाचे?

न्यायाधीशाचे मूल्यमापन कोण करतो, यावर त्याचे स्वातंत्र्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. भारतीय संविधानाने हा प्रश्न अनुच्छेद २३५मध्ये सोडवला असून, जिल्हा न्यायालये आणि त्यांच्या अधीन असलेली न्यायालये यांवरील नियंत्रण राज्य सरकारकडे न देता उच्च न्यायालयाकडे सोपवले आहे. नियंत्रण या शब्दात बदली, बढती, रजा, शिस्तभंगाची कारवाई आणि कामाचा वार्षिक आढावा या सर्वांचा समावेश होतो. राज्य सरकार हा देशातील सर्वांत मोठ्या पक्षकारांपैकी एक असल्यामुळे, भूसंपादनाच्या किंवा नोकरीविषयक दाव्यात सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचा अहवाल सरकारच्याच सचिवाने लिहिणे धोक्याचे ठरले असते, हे या तरतुदीमागील कारण सहज लक्षात येते.

महाराष्ट्रात या सेवेचे तीन स्तर आहेत. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, हा अधिकारी बसतो आणि तोच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी प्रकरणेही चालवतो. त्याच्या वर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, आणि त्याहून वर जिल्हा न्यायाधीश असतात. जिल्ह्याचे प्रशासन प्रमुख जिल्हा न्यायाधीशाकडे असते, तर मुंबई उच्च न्यायालय प्रत्येक जिल्ह्यासाठी आपल्यापैकी एका न्यायमूर्तींची पालक न्यायमूर्ती म्हणून नेमणूक करते. म्हणजे येथे न्यायाधीशाला न्यायाधीशच पारखतो. कार्यकारी सत्तेच्या दडपणापासून त्यामुळे संरक्षण मिळते. मात्र ज्या उच्च न्यायालयात आपल्या निकालावर अपील होणार, त्याच उच्च न्यायालयाकडे आपली बढतीही असणार, ही जाणीव कनिष्ठ न्यायाधीशाच्या मनातून कधी पूर्णपणे जात नाही आणि या व्यवस्थेतील बहुतेक ताणांचा उगम येथेच आहे.

गोपनीय अहवाल

मूल्यमापनाचे मुख्य साधन म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. न्यायाधीशाने वर्षभरात केलेल्या कामाची माहिती स्वतः भरून द्यायची, प्रमुख जिल्हा न्यायाधीशाने त्यावर आपले मत नोंदवायचे आणि उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय बाजूने ते तपासून अंतिम श्रेणी द्यायची, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. कायद्याचे ज्ञान, निकालपत्रांची प्रत, निकाली काढलेल्या प्रकरणांची संख्या, न्यायासनावर वेळेत बसण्याची शिस्त, वकील व पक्षकार यांच्याशी वागणूक, कार्यालयावरील देखरेख आणि सचोटी, ही या अहवालातील नेहमीची सदरे होत. त्यांवरून 'उत्कृष्ट'पासून 'सरासरीपेक्षा कमी'पर्यंत एखादी श्रेणी ठरते.

या अहवालाचे परिणाम दूरवर पोहोचतात. परिविक्षा काळ, म्हणजे नेमणुकीनंतरचा चाचणीचा कालावधी, संपवून सेवेत कायम करणे, बढती देणे किंवा मुदतीपूर्वी सक्तीने निवृत्त करणे, या निर्णयांच्या वेळी जुने अहवाल बाहेर काढले जातात. अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात १९९१ आणि १९९३ साली दिलेल्या निर्णयांनी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायव्यवस्थेतील निवृत्तीचे वय ६० केले खरे, पण ५८व्या वर्षी प्रत्येकाच्या सेवेचा आढावा घेऊन तो पुढेही उपयुक्त आहे की नाही हे ठरवावे, अशी अट घातली. तेव्हा पहिल्या नेमणुकीपासून शेवटच्या दोन वर्षांपर्यंत या कागदाची सोबत सुटत नाही.

असा निर्णायक कागद ज्याच्याविषयी लिहिला त्यालाच न दाखवण्याची प्रथा मात्र दीर्घकाळ चालली. फक्त प्रतिकूल शेरा कळवला जाई; बाकीच्या नोंदी बंद पाकिटात राहत. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८च्या निर्णयाने त्यात मूलभूत बदल घडवला. हे प्रकरण सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याचे होते. बढतीसाठी 'खूप चांगला' ही श्रेणी आवश्यक असताना त्याच्या नावे एका वर्षी 'चांगला' अशी नोंद झाली होती आणि ती वरवर अनुकूल असल्यामुळे त्याला कळवलीच गेली नव्हती. प्रत्येक नोंद, मग ती कोणतीही असो, संबंधिताला कळवली पाहिजे आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची संधी मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. हा नियम न्यायिक सेवेलाही लागू असल्याचे त्याच निर्णयात नमूद आहे आणि २०१३ साली सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अहवालाचे नाव गोपनीय राहिले, तरी ज्याचा अहवाल त्याच्यापासून तो लपवता येणार नाही, हे तत्त्व तेव्हापासून स्थिर झाले.

एककांचा हिशेब

गोपनीय अहवालातील सर्वांत ठोस सदर म्हणजे निकाली काढलेल्या कामाचे प्रमाण. खुनाचा खटला आणि हेल्मेट न घातल्याबद्दलचा दंड यांना एकसारखे मोजणे उघडच चूक असल्यामुळे, उच्च न्यायालयांनी एककांची पद्धत तयार केली. एकक म्हणजे कामाला दिलेला भार. प्रत्येक प्रकारच्या प्रकरणाला ठरावीक एकक नेमून दिलेले असतात. पुरावा नोंदवून, उलटतपास होऊन, युक्तिवादानंतर गुणवत्तेवर निकाली निघालेल्या प्रकरणाला अधिक, तर तडजोडीने, एकतर्फी किंवा गुन्हा कबूल केल्यामुळे संपलेल्या प्रकरणाला कमी. ठरावीक काळात किती एकक मिळवले, यावरून काम पुरेसे, चांगले किंवा अपुरे ठरते. तक्ते आणि प्रमाणे प्रत्येक उच्च न्यायालयाची वेगवेगळी असल्याने एका राज्यातील 'चांगला' न्यायाधीश दुसऱ्या राज्याच्या तक्त्यात त्याच श्रेणीत बसेल, याची खात्री नसते.

या पद्धतीमागील गरज खरी आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत आणि वर्षानुवर्षे तारखा घेऊन थकलेल्या पक्षकाराच्या दृष्टीने न मिळालेला निकाल हा अन्यायच असतो; म्हणून न्यायाधीश किती काम उरकतो, हे विचारणे मुळीच गैर नाही. दोष आहे तो संख्येच्या मर्यादा विसरण्यात. कोणत्या कामाला किती एकक आहेत, हे ठाऊक असलेल्या न्यायाधीशाने महिनाअखेरीस सोपी प्रकरणे आधी बोर्डावर घ्यावीत आणि तीन पिढ्यांच्या वारसांचा, नकाशे व फेरफार नोंदींनी गुंतलेला वाटपाचा दावा पुढच्या तारखेवर ढकलावा, असा मोह ही पद्धत नकळत निर्माण करते. जे दावे सर्वांत जुने आणि सर्वांत अवघड, तेच मागे राहू लागले, तर मोजमाप ज्या दुखण्यावर उपाय म्हणून आणले तेच दुखणे वाढवते. शिवाय साक्षीदाराला समजेल अशा शब्दांत प्रश्न विचारला जाईल याची काळजी घेणे, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील जोडप्याला समेटासाठी वेळ देणे, कोठडीत ठेवण्याची पोलिसांची मागणी बारकाईने तपासणे, या कामांचा सारा भार कोणत्याही तक्त्यात मावत नाही.

निकालाची गती केवळ न्यायाधीशाच्या हाती नसते, ही आणखी मोठी अडचण आहे. समन्स बजावले न जाणे, सरकारी साक्षीदार हजर न होणे, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल रखडणे, वकिलांनी कामकाजापासून दूर राहणे, लघुलेखकाची जागा रिक्त असणे, यांपैकी कशावरही त्याचा पूर्ण ताबा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेने सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनहून अधिक वेळा तहकुबी देऊ नये असे म्हटले असले, तरी प्रत्यक्षात ही मर्यादा कसोशीने पाळली जात नाही. न्यायाधीशांची संख्या तर मुळातच अपुरी आहे: दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत, अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ साली केली, सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ते लक्ष्य पाच वर्षांत गाठण्यास सांगितले आणि आजही मंजूर पदांचे प्रमाण त्या लक्ष्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचलेले नाही. या पार्श्वभूमीवर कमी एककांचे सारे खापर एकट्या न्यायाधीशावर फोडणे म्हणजे व्यवस्थेचे अपयश त्याच्या सेवापुस्तकात नोंदवणे होय.

यावर अधिक शास्त्रीय उपाय शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. इम्तियाज अहमद यांच्या प्रकरणाच्या निमित्ताने किती न्यायाधीश लागतील याचा अभ्यास विधी आयोगाने केला आणि त्याचा २४५वा अहवाल २०१४ साली सादर झाला. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ न्यायमूर्ती राहिलेले अजित प्रकाश शहा आयोगाचे अध्यक्ष होते. निर्णयाच्या गतीवर आधारलेल्या हिशेबाऐवजी प्रत्येक प्रकारच्या प्रकरणाला प्रत्यक्षात किती न्यायिक वेळ लागतो, यावर भार ठरवण्याची कल्पना त्यानंतर राष्ट्रीय न्यायालय व्यवस्थापन प्रणालीच्या समितीने पुढे नेली. राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रीडमुळे कोणत्या न्यायालयात कोणते प्रकरण कोणत्या टप्प्यावर थांबले आहे, हे आता सर्वांना पाहता येते. या माहितीचा वापर केवळ न्यायाधीशाला जाब विचारण्यासाठी न करता विलंब नेमका कोठे आणि कोणामुळे होतो हे शोधण्यासाठी केला, तर मोजमापाला न्याय्य पाया मिळेल.

निकालाची प्रत आणि चुकण्याचा अधिकार

संख्येची उणीव भरून काढण्यासाठी गुणवत्ता पाहिली जाते. न्यायाधीशाची काही निकालपत्रे मागवून वस्तुस्थितीची मांडणी, पुराव्याची छाननी, कारणमीमांसा आणि भाषा यांवर मत नोंदवले जाते. हे मत देताना निकालपत्र कसे लिहिले आहे आणि निकाल काय दिला आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अत्यावश्यक असते. दोन सुजाण न्यायाधीश एकाच पुराव्यावरून प्रामाणिकपणे दोन निष्कर्षांप्रत येऊ शकतात आणि म्हणूनच तर अपिलाची तरतूद आहे. किती निकाल अपिलात फिरले, या टक्केवारीवर न्यायाधीशाची पारख करू लागले, तर वरिष्ठ न्यायालयाला काय आवडेल याचा अंदाज बांधून लिहिणारा न्यायाधीश यशस्वी ठरेल आणि कायद्याचा नवा, धाडसी पण योग्य अर्थ लावणारा मागे पडेल. युरोपातील तज्ज्ञांनी २०१० साली तयार केलेल्या, कीव्ह शिफारशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दस्तऐवजाने याच कारणासाठी निकालातील आशयावरून किंवा तो उलटण्याच्या प्रमाणावरून न्यायाधीशाचे मूल्यमापन करण्यास स्पष्ट विरोध केला आहे.

भारतीय न्यायालयांनीही हा विचार वेळोवेळी मांडला आहे. के. पी. तिवारी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, ज्याच्या हातून चूक झाली नाही असा न्यायाधीश अद्याप जन्माला यायचा आहे, अशा आशयाचे मत नोंदवून वरिष्ठ न्यायालयांना संयमाची आठवण करून दिली. २००१ सालच्या एका निर्णयात, कनिष्ठ न्यायाधीशाच्या वर्तनाविषयी उच्च न्यायालयाला काही खटकल्यास त्यावरील ताशेरे निकालपत्रात न लिहिता ती बाब प्रशासकीय मार्गाने, गोपनीयरीत्या मुख्य न्यायमूर्तींच्या निदर्शनास आणावी, असे सुचवण्यात आले. कारण निकालपत्रातील ताशेरे म्हणजे संबंधिताला बाजू मांडू न देता दिलेली जाहीर शिक्षाच असते. कृष्ण प्रसाद वर्मा यांच्या २०१९च्या प्रकरणात तर, केवळ चुकीचा आदेश दिला म्हणून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकत नाही; त्यामागे लाच, दडपण किंवा अन्य बाह्य हेतू असल्याचे दिसले पाहिजे, हे निःसंदिग्धपणे सांगण्यात आले.

ही तत्त्वे कागदावर असूनही भीती टिकून आहे आणि तिची सर्वांत मोठी किंमत जामिनाच्या अर्जांवर मोजावी लागते. जामीन दिला तर हेतूविषयी शंका घेतली जाईल, नाकारला तर कोणी काही विचारणार नाही, असे वाटणारा न्यायाधीश सुरक्षित मार्ग निवडतो. तळागाळातील न्यायाधीश लक्ष्य केले जाण्याच्या भीतीने जामीन देण्यास कचरतात, हे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी २०२२ साली जाहीरपणे बोलून दाखवले होते, तर २०२४ साली मनीष सिसोदिया यांच्या जामिनाच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने खालची न्यायालये या बाबतीत जोखीम टाळतात, असे निरीक्षण नोंदवले. एका अहवालाची भीती अशा रीतीने, दोष सिद्ध न झालेल्या माणसाच्या तुरुंगवासात रूपांतरित होते.

तक्रारींपासून संरक्षण आणि माणूस म्हणून न्यायाधीश

सचोटीचे सदर सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत नाजूक आहे. भ्रष्ट न्यायाधीशाला सेवेत राहू देणे हा प्रत्येक पक्षकाराचा विश्वासघात असल्यामुळे येथे कठोरपणा हवाच. परंतु भ्रष्टाचाराचा थेट पुरावा क्वचित मिळत असल्याने सर्वसाधारण लौकिकावर भिस्त ठेवली जाते आणि लौकिक तर नाराज लोकही घडवू शकतात. ईश्वर चंद जैन यांच्या १९८८च्या प्रकरणात, हरियाणातील परिविक्षाधीन न्यायाधीशाविरुद्ध स्थानिक वकिलांनी तक्रारी केल्या होत्या आणि त्याला सेवेतून कमी करण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करताना, अनुच्छेद २३५खालील नियंत्रणात प्रामाणिक न्यायाधीशाला मार्गदर्शन करण्याचे व त्याला खोडसाळ तक्रारींपासून वाचवण्याचे कर्तव्यही येते, असे बजावले. तहकुबीला नकार देणारा न्यायाधीश वकीलवर्गात प्रिय होणे अवघड असते, हे ध्यानी घेतले तर या निर्णयाचे मोल कळते.

मूल्यमापनाला मानवी परिस्थितीचे भान असावे, ही बाब २०२५ सालच्या एका निर्णयाने ठळक केली. मध्य प्रदेशात २०२३ साली सहा महिला न्यायाधीशांची सेवा संपुष्टात आणण्यात आली. त्यांपैकी चौघींना पुढे पुन्हा घेतले गेले आणि उरलेल्या दोघींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात राहिले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी दोघींना सेवेत परत घेण्याचा आदेश दिला. त्यांपैकी एकीचा त्याच काळात गर्भपात झाला होता, आणि केवळ निकालांच्या संख्येवर बोट ठेवताना या शारीरिक व मानसिक आघाताचा विचार झाला नव्हता. न्यायव्यवस्थेत स्त्रियांची संख्या वाढणे पुरेसे नसून, त्यांना तेथे सन्मानाने काम करता येईल असे वातावरण असले पाहिजे, ही भूमिका न्यायालयाने घेतली.

वरच्या न्यायालयांचे काय?

तालुक्याच्या न्यायाधीशाला एककांचा हिशेब द्यावा लागतो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी मात्र असा कोणताही वार्षिक अहवाल नाही. सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता यांवरून संसदेच्या ठरावाने पदच्युती हा एकमेव संविधानिक मार्ग असून तो जाणीवपूर्वक अवघड ठेवला आहे. पदच्युती आणि काहीच न करणे यांमधील पोकळी १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन मुख्य न्यायमूर्तींशी संबंधित प्रकरणात समोर आली आणि तिच्यातून न्यायव्यवस्थेची अंतर्गत चौकशी पद्धत आकाराला येऊन १९९९ साली स्वीकारली गेली. पण ही पद्धत गैरवर्तनासाठी आहे, नित्याच्या कामाच्या परीक्षणासाठी नाही. राखून ठेवलेला निर्णय सहा महिन्यांत जाहीर न झाल्यास ते प्रकरण दुसऱ्या पीठाकडे देण्याची मागणी करता येईल, असे अनिल राय यांच्या २००१च्या प्रकरणात ठरूनही, झारखंडमध्ये शिक्षा झालेल्या कैद्यांच्या अपिलांवरील निर्णय दोन-तीन वर्षे राखून ठेवले गेल्याची बाब २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि सर्व उच्च न्यायालयांकडून अशा प्रलंबित निर्णयांची माहिती मागवावी लागली. स्वातंत्र्याला धक्का न लावताही किमान वेळेच्या शिस्तीचा हिशेब जाहीर करता येतो, आणि जे उच्च न्यायालय तो खालच्यांकडून मागते त्याने स्वतःही द्यावा, ही अपेक्षा रास्त आहे.

पक्षकाराची साक्ष

भारतीय पद्धतीत एका घटकाचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही आणि तो म्हणजे न्यायालयात येणारा सामान्य माणूस. अमेरिकेतील अलास्का राज्याने १९७५च्या कायद्याने न्यायाधीशांच्या मूल्यमापनाची जाहीर पद्धत सुरू केली. तेथे न्यायाधीश पदावर राहावा की नाही, यावर ठरावीक वर्षांनी मतदान होते आणि त्यापूर्वी वकील, पोलीस, समाजसेवक, न्यायालयीन कर्मचारी व ज्युरीतील नागरिक यांची मते गोळा करून न्यायिक परिषद आपली शिफारस मतदारांपुढे ठेवते. यूटा राज्याने २००८ साली नेमलेल्या आयोगाने याहून पुढे जाऊन, प्रशिक्षित स्वयंसेवकांना न्यायालयात बसवून न्यायाधीशाचे वर्तन टिपण्याची पद्धत स्वीकारली. निर्णय कोणाच्या बाजूने लागला हे पाहणे त्यांचे काम नसते. न्यायाधीश तटस्थ वाटला का, त्याने सर्वांशी आदराची वागणूक ठेवली का, प्रत्येकाला आपले म्हणणे मांडू दिले का, एवढेच ते नोंदवतात. आपले म्हणणे नीट ऐकले गेले अशी खात्री पटलेला माणूस विरुद्ध गेलेला निकालही अधिक सहजपणे स्वीकारतो, या संशोधनातून पुढे आलेल्या जाणिवेवर ही पद्धत उभी आहे.

न्यायाधीशपद मतदानावर अवलंबून ठेवणे भारताला मानवणार नाही आणि वकिलांच्या मतचाचण्यांत पूर्वग्रहही डोकावतात. तरीही पक्षकाराच्या अनुभवाविषयीचे प्रश्न येथे विचारण्यास कोणतीही संविधानिक आडकाठी नाही. प्रकरण बोर्डावर असलेल्या दिवशी ते खरोखर पुकारले गेले का, तारीख का पडली हे सांगितले गेले का, साक्ष देताना धमकावणीपासून संरक्षण मिळाले का, आणि निकाल कोणत्या कारणांनी लागला हे समजले का, हे प्रश्न निकालाच्या आशयाला स्पर्श न करता कामाची गुणवत्ता दाखवतात. यांतील शेवटचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष अर्थपूर्ण आहे, कारण जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असूनही अनेक निकालपत्रे इंग्रजीत लिहिली जातात आणि ज्या शेतकऱ्याची जमीन त्या निकालाने जाते किंवा राहते, त्याला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते.

न्याय्य मूल्यमापनाची रूपरेषा या साऱ्या अनुभवातून स्पष्ट होते. प्रकरणाला लागणाऱ्या खऱ्या वेळेवर भार ठरवावा, विलंबाची कारणे न्यायाधीशाच्या हातातली आणि हाताबाहेरची अशी विभागावीत, निकालपत्राची कारणमीमांसा तपासावी पण निष्कर्षाला हात लावू नये, प्रत्येक नोंद कळवावी व तिच्यावर दाद घ्यावी, भ्रष्टाचाराची चौकशी कठोरपणे पण वार्षिक श्रेणीपासून वेगळी चालवावी, आणि अहवालाचा पहिला उपयोग सुधारणेसाठी, प्रशिक्षणासाठी व्हावा. कोणत्याही मूल्यमापन पद्धतीची कसोटी शेवटी एकच आहे: शक्तिमान पक्षकाराविरुद्ध निकाल देण्याची वेळ येते, तेव्हा ती पद्धत न्यायाधीशाला अधिक निर्भय करते की अधिक सावध. जी पद्धत त्याला आळसापासून आणि लोभापासून रोखते, पण प्रामाणिक निर्णयाच्या परिणामांची चिंता करायला लावत नाही, तीच न्यायाधीशाच्या कामाचे मोजमाप करण्यास पात्र आहे.